रिदमिक जिम्नॅस्टिक्स : पदकतालिकेत न दिसणारी घराणी

सोनटक्का

ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसला दार्या वार्फोलोमेएव्ह हिने रिदमिक जिम्नॅस्टिक्सचे, म्हणजे हूप (मोठे कडे), चेंडू, क्लब्स (बाटलीच्या आकाराच्या दोन दांड्या) किंवा रिबन घेऊन संगीतावर करायच्या जिम्नॅस्टिक्सचे, वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले आणि या खेळातले जर्मनीचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण म्हणून त्याची नोंद झाली. नोंद बरोबरच आहे. मात्र दार्याचा जन्म सैबेरियातल्या बर्नाऊल शहरातला; ती बारा वर्षांची असताना जर्मनीत आली, आणि श्टुटगार्टजवळच्या श्मिडेन येथील केंद्रात तिला घडवणाऱ्या यूलिया रास्किना यांनी २००० साली सिडनीत बेलारूससाठी याच प्रकारात रौप्यपदक मिळवले होते. त्याच पॅरिसमध्ये सांघिक सुवर्ण चीनने पटकावले. युरोपबाहेर गेलेले हे पहिलेच सांघिक सुवर्ण, आणि त्या चमूला शिकवणाऱ्यांत रशियाकडून २०१२ आणि २०१६ची सांघिक सुवर्णपदके जिंकलेल्या अनास्तासिया ब्लिझन्यूक होत्या.

आपल्याकडे गवयाची ओळख करून देताना तो कुठल्या गावचा हे मागाहून विचारतात, कोणाकडे शिकला हे आधी विचारतात. रिदमिक जिम्नॅस्टिक्सकडे मी गेली अनेक वर्षे तसेच पाहत आलो आहे. पदकतालिका देशांची असते, परंतु हा खेळ एका शिक्षिकेच्या हातातून दुसरीच्या हातात, असाच पुढे गेलेला आहे. त्या दृष्टीने त्याचा इतिहास इथे मांडावा आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, दुरुस्ती करावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

स्पर्धा होण्याआधी हे एक शिक्षण होते. जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात शिकवणाऱ्या एमिल जाक-दालक्रोझ यांच्या लक्षात आले की आपल्या विद्यार्थ्यांना स्वरलेखन वाचता येते, पण लय त्यांच्या अंगात उतरलेली नाही. म्हणून त्यांनी चालणे, थबकणे, हात उचलणे, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणे अशा साध्या हालचालींतून ताल शिकवण्याची पद्धत बसवली, आणि १९११पासून ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊ येथे तिचे मोठे केंद्र उभे राहिले. रुडॉल्फ बोडे त्यांच्याकडे शिकले आणि मग वेगळे झाले. हालचालीने संगीताच्या प्रत्येक मात्रेमागे धावू नये, ती शरीराच्या मध्यातून उगवावी आणि न तुटता बोटांच्या टोकापर्यंत वाहावी, असे बोडे यांचे म्हणणे होते. हाइनरिश मेडाऊ यांनी बर्लिनमधल्या आपल्या शाळेत त्या वाहत्या हालचालीच्या हाती चेंडू, हूप आणि क्लब दिले. आज आपण जी साधने पाहतो, त्यांच्या मागे ही माणसे उभी आहेत.

याला खेळाचे रूप मात्र लेनिनग्राडमध्ये आले. तिथल्या लेसगाफ्ट शारीरिक शिक्षण संस्थेत १९३४ साली कलात्मक हालचालीची उच्च शाळा सुरू झाली. एका बाजूला रशियन बॅलेची शिस्त आणि दुसऱ्या बाजूला युरोपातून आलेले हे लयीचे शिक्षण, अशा दोन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या, आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत संघात या प्रकाराच्या देशपातळीवरील स्पर्धा होऊ लागल्या. रशियन आणि बल्गेरियन या दोन्ही भाषांत या खेळाला आजही ‘कलात्मक जिम्नॅस्टिक्स’ अशाच अर्थाचे नाव आहे. बाकीचे जग ज्याला आर्टिस्टिक म्हणते, त्या बार (आडव्या दांड्या) आणि बीमवरच्या (अरुंद तुळईवरच्या) खेळाला हे लोक ‘स्पोर्ट्स जिम्नॅस्टिक्स’ म्हणतात. नावातच त्यांनी आपला पक्ष सांगून ठेवला आहे, असे मला नेहमी वाटते.

१९६०च्या दशकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने या प्रकाराला ‘मॉडर्न जिम्नॅस्टिक्स’ या नावाने मान्यता दिली आणि १९६३ साली बुडापेस्टमध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली. युरोपातल्या दहा देशांच्या अवघ्या २८ मुली तिथे आल्या होत्या आणि सोव्हिएत संघाची ल्युदमिला साविन्कोवा पहिली जगज्जेती ठरली. १९६७ साली कोपनहेगनला सांघिक प्रकारही आला. ऑलिंपिकचे दार उघडायला मात्र १९८४ उजाडले.

मोगरी

धागा आवडला. एक भर घालते, कारण हा भाग बहुतेक लेखांत एका ओळीत उरकला जातो. रिदमिक जिम्नॅस्टिक्स १९८४ साली ऑलिंपिकमध्ये ‘प्रथमच’ आले हे तांत्रिकदृष्ट्या खरे असले, तरी त्याची सावली ऑलिंपिकवर त्याआधी तीस वर्षे पडून गेली होती. १९५२च्या हेलसिंकी आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये महिलांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये हाती साधन घेऊन, संगीतावर, संपूर्ण संघाने एकत्र सादर करायचा एक सांघिक प्रकार होता. पहिल्या वेळी तो स्वीडनने जिंकला आणि दुसऱ्या वेळी हंगेरीने. ज्या मुली सकाळी बीमवर उभ्या राहत, त्याच पुढे हाती साधन घेऊन एका ओळीत उभ्या राहत. १९६०पासून तो प्रकार कार्यक्रमातून काढून टाकण्यात आला.

मेलबर्नच्या त्या हंगेरियन संघात आग्नेश केलेती होत्या. वय ३५, ज्यू असल्यामुळे युद्धकाळ खोट्या कागदपत्रांच्या आधारे लपून काढलेला, वडील आउशवित्झला गमावलेले. मेलबर्नला त्यांनी चार सुवर्णपदके जिंकली, त्यांतले एक या साधनांच्या सांघिक प्रकाराचे होते. त्याच सुमारास हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता. केलेती तेव्हा मायदेशी परतल्या नाहीत, १९५७ साली त्या इस्रायलला गेल्या आणि तिथे त्यांनी जिम्नॅस्टिक्स शिकवण्यात हयात घालवली. जानेवारी २०२५मध्ये, वयाची १०४ वर्षे पूर्ण व्हायला आठवडा उरला असताना, त्यांचे बुडापेस्टमध्ये निधन झाले.

लिनोय अश्राम हिने टोकियो ऑलिंपिकमध्ये इस्रायलला रिदमिकचे सुवर्ण मिळवून दिले, त्याचा धागा थेट केलेतींपर्यंत नेणे मला योग्य वाटत नाही. तिची प्रशिक्षिका आयेलेत झुसमान वेगळ्या पिढीची आहे. पण एखाद्या देशात जिम्नॅस्टिक्सची माती आधी कोणी तरी भिजवलेली असावी लागते, एवढे तरी म्हणता येईल.

पाणंद

दोन्ही प्रतिसाद वाचून काढले. माझी मुलगी ठाण्यात तीन वर्षांपासून रिदमिक शिकते आहे, त्यामुळे हा विषय घरात रोज असतो, तरी यातले काहीच मला ठाऊक नव्हते. इतिहासाच्या ओघात खंड पडत असेल तर क्षमा करा, परंतु एक विचारायचे आहे. वरवर पाहता मुलगी रिबन घेऊन नाचते असेच दिसते. मग पंच नेमके काय मोजतात? आणि पूर्वी हेच मोजत होते का?

काटेकोर

पाणंद, तुमचा प्रश्न इतिहासाच्या बाहेरचा नाही. माझ्या मते तोच या खेळाचा खरा इतिहास आहे, आणि म्हणूनच धागाकर्त्यांच्या घराण्याच्या उपमेशी मी पूर्णपणे सहमत नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

आधी आजचे चित्र. १३ मीटर लांब-रुंद कार्पेट, वैयक्तिक रचना सव्वा ते दीड मिनिटाची, सांघिक रचना सव्वादोन ते अडीच मिनिटांची. हूप, चेंडू, क्लब्स आणि रिबन अशी चार साधने. चेंडू किमान ४०० ग्रॅमचा, प्रत्येक क्लब किमान १५० ग्रॅमचा, आणि सीनियर मुलींची रिबन सहा मीटर लांब. दोरीही होती; ती सीनियर वैयक्तिक प्रकारातून २०११पासून गेली. पंचांचे गट वेगवेगळे बसतात. एक गट शरीराची काठिण्ये मोजतो, म्हणजे उड्या, तोल आणि गिरक्या. दुसरा साधनाची काठिण्ये मोजतो. तिसरा कलात्मकता पाहतो आणि चौथा अचूकता. शेवटचे दोन गट दहापासून वजा करत खाली येतात. पहिले दोन शून्यापासून वर चढत जातात.

साधनाच्या काठिण्यातला एक प्रकार जवळून पाहू. याला ‘रिस्क’ म्हणतात. मुलगी हूप उंच फेकते, हूप वर असताना स्वतः किमान दोन गिरक्या किंवा कोलांट्या घेते आणि तो पडण्याआधी त्याखाली पोहोचते. गिरकी घेताना काही क्षण हूप तिला दिसतच नाही. तो कुठे येणार हे तिच्या डोळ्यांना नाही, तर फेकताना सुटलेल्या बोटांना कळलेले असते. अनेकदा ती हाताने न झेलता पायाने झेलते, किंवा पाठीमागे झेलते, कारण दृष्टीआड झेलण्याचे गुण वेगळे मिळतात. साधन पडले तर अर्धा गुण जातो, ते आणायला एकदोन पावले टाकावी लागली तर त्याहून जास्त, आणि आणखी दूर धावावे लागले तर पूर्ण एक गुण.

आता पूर्वीचे. १९८०च्या दशकात सर्वोच्च गुण दहा होता आणि सर्वोत्तम मुली त्या छतावर डोके आपटू लागल्या होत्या. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाच्या मारिना लोबाच हिने ६०पैकी ६० गुण मिळवले, म्हणजे प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी मिळून आठही रचनांना पूर्ण दहा. बल्गेरियाची अद्रियाना दुनावस्का ५९.९५० गुणांवर दुसरी आली. प्राथमिक फेरीचे गुण निम्मे करून धरले जात, त्यामुळे तिथली एक दशांश गुणाची चूक अर्धी होऊन शेवटी ०.०५चा फरक उरला, आणि तेवढ्यावर सुवर्ण गेले. ज्या मोजपट्टीवर पहिल्या दोघींमध्ये याहून जास्त अंतरच उरत नाही, ती मोजपट्टी बदलणे भाग होते.

तेव्हापासून दर ऑलिंपिक चक्रात नियमपुस्तक बदलत आले आहे, आणि प्रत्येक पुस्तकाने स्वतःला हवे तसे शरीर घडवून घेतले आहे. लवचिकतेला भरपूर गुण होते तेव्हा रशियाच्या अलिना काबाएवासारख्या मुली पाठीची कमान करून डोके पायांना लावत आणि त्याच स्थितीत गिरक्या घेत. २०१३च्या पुस्तकाने नृत्यपदांचा सलग तुकडा सक्तीचा केला आणि शब्द असलेल्या गाण्यांना मुभा दिली. त्याआधी गाण्याचे शब्द चालत नसत, आणि त्याहीपूर्वी तर एकटा पियानो साथीला असे. २०१८पासून काठिण्यगुणांवरची कमाल मर्यादा उठली. मग काय झाले ते सर्वांनी पाहिले. दीड मिनिटात साधनाच्या इतक्या करामती कोंबल्या जाऊ लागल्या की संगीत मागे चालू आहे हे मुलीला आठवायलाही वेळ मिळत नव्हता. २०२२ला कलात्मकतेसाठी स्वतंत्र पंचगट आला आणि साधनाच्या करामतींची संख्या बांधून देण्यात आली.

म्हणून माझा आक्षेप असा आहे. घराणे टिकते, कारण त्याची गायकी त्याचे तेच ठरवते. इथे दर चार वर्षांनी बाहेरून कोणी तरी येऊन सांगते की या वेळी मींडला गुण नाहीत, तानेला आहेत. अशा परिस्थितीत घराणे राहील कसे?

देवराई

काटेकोर, आक्षेप मोलाचा आहे, पण १९८०च्या दशकातला बल्गेरिया पाहिला तर तो थोडा सौम्य करावा लागेल. मी काही वर्षे सोफियात नोकरीनिमित्त राहिलो आणि तिथल्या लोकांना या मुलींबद्दल जे वाटते ते जवळून पाहिले. क्रिकेटबद्दल आपल्याला वाटते त्याच्या फार कमी नाही.

मारिया गिगोवा ही त्यांची पहिली मोठी खेळाडू. १९६९ला वार्ना, १९७१ला हवाना आणि १९७३ला रॉटरडॅम अशी तीन जगज्जेतेपदे, त्यांतले शेवटचे सोव्हिएत संघाच्या गालिमा शुगुरोवाबरोबर विभागून. तिच्या प्रशिक्षिका युलिएता शिश्मानोवा. १६ मार्च १९७८ रोजी सोफियाहून वॉर्साला निघालेले विमान व्रात्सा शहराजवळ कोसळले आणि त्यातले ७३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत शिश्मानोवा होत्या आणि राष्ट्रीय संघातल्या मुलीही होत्या. एका सकाळी एका देशाची या खेळातली एक पूर्ण पिढी आणि तिची शिक्षिका गेली. तिथल्या एका वयस्कर शेजारणीने मला हे सांगितले तेव्हा ती चहा करत होती आणि सांगता सांगता तिने गॅस बंद केला.

त्यानंतर नेश्का रोबेवा यांच्या हाताखाली जे घडले त्याला तोड नाही. रोबेवा स्वतः जागतिक पदकविजेत्या खेळाडू होत्या. अनेलिया रालेन्कोवा १९८१ची जगज्जेती, दिल्याना गेओर्गिएवा १९८३ आणि १९८५ची, आणि १९८७ला वार्नामध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर बियांका पानोवा हिने पाचही सुवर्णपदके जिंकली, तीही प्रत्येक रचनेला पूर्ण दहा गुण घेऊन. हा सोव्हिएत शाळेचा नमुना नव्हता. सोव्हिएत मुली बॅलेच्या रेषेवर उभ्या असत. शरीर शांत, मान लांब, हालचाल स्वच्छ. बल्गेरियन मुली वेगवान होत्या, साधन त्यांच्या हातून सतत सुटत असे आणि सतत परत येत असे, आणि त्यांच्या रचनांत बल्गेरियन लोकसंगीताचे ते विषम ताल येत, पाचाचे, सातचे, अकराचे. आपल्याला झपताल किंवा रूपक ऐकायची सवय असल्यामुळे त्यात विशेष वाटणार नाही, पण चारचारच्या मात्रांवर वाढलेल्या पश्चिम युरोपला त्या लयीचा अंदाजच लागत नसे. नियमपुस्तक दोन्ही देशांना एकच होते. तरीही आवाज बंद करून पाहिले तर कोणती मुलगी कुठली हे सांगता येत असे. याला घराणे नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

आणि १९८४बद्दलही लिहायला हवे. लॉस एंजेलिसवर सोव्हिएत गटाने बहिष्कार टाकला, त्यामुळे ऑलिंपिकचे पहिले रिदमिक सुवर्ण ज्या दोन देशांपैकी एकाला जायचे ते सोव्हिएत संघ आणि बल्गेरिया हे दोन्ही देश तिथे नव्हतेच. कॅनडाची लोरी फंग जिंकली, रुमानियाची दोइना स्ताइकुलेस्कू दुसरी आणि पश्चिम जर्मनीची रेजिना वेबर तिसरी. फंगचे सुवर्ण अनेक जण कमी लेखतात. मला ते पटत नाही. ऑलिंपिकच्या आधी ती रुमानियाच्या राष्ट्रीय संघाबरोबर सरावाला जाऊन राहिली होती, म्हणजे जिच्याशी स्पर्धा करायची तिच्याच तालमीत शिकली होती. जिथे विद्या होती तिथे ती चालत गेली.

सोनटक्का

काटेकोर आणि देवराई, तुम्हा दोघांच्या लिहिण्यामुळे माझे म्हणणे मला नीट मांडता येईल असे वाटते. नियमपुस्तक काय मोजायचे ते ठरवते हे मान्य. पण पुस्तकात लिहिलेली गोष्ट सहा वर्षांच्या मुलीच्या अंगात कशी उतरवायची, हे कोणत्याही पुस्तकात नसते. ते शिक्षिकेच्या हातात असते, आणि ती शिक्षिका स्थलांतर करते तेव्हा ते तिच्याबरोबर जाते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण १९९६चे अटलांटा. सांघिक रिदमिक ऑलिंपिकमध्ये प्रथमच आले. त्याआधी संघात सहा मुली असत, आता पाच झाल्या होत्या. अंतिम फेरीत स्पेनने बल्गेरियाला मागे टाकून सुवर्ण जिंकले आणि रशिया तिसरा आला. त्या स्पॅनिश मुलींना घडवणाऱ्या एमिलिया बोनेवा बल्गेरियन होत्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या स्पेनमध्ये आल्या आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये कारोलिना पास्कुआल हिने वैयक्तिक रौप्य मिळवले ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. पदकतालिकेत १९९६चा निकाल ‘स्पेन पहिला, बल्गेरिया दुसरा’ असा दिसतो. माझ्या दृष्टीने त्या दोन पायऱ्यांवर एकाच घराण्याच्या दोन शाखा उभ्या होत्या.

सोव्हिएत संघ फुटल्यावर तर हे सगळीकडेच झाले. इरिना विनर समरकंदमध्ये जन्मल्या, ताश्कंदमध्ये शिकवत होत्या, आणि १९९०च्या दशकात मॉस्कोला येऊन त्यांनी जी फळी उभी केली तिने सिडनी ते रिओ अशी सलग पाच वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली: बार्सुकोवा, काबाएवा, दोनदा कानाएवा आणि मामून. काबाएवा मूळची ताश्कंदचीच. मार्गारिता मामून हिला शिकवणाऱ्या अमिना झारिपोवा याही ताश्कंदहून आलेल्या. मार्गारिताचे वडील बांगलादेशचे होते. रिओला मुलीने सुवर्ण जिंकल्यावर काही दिवसांतच ते वारले.

एवढे वर्चस्व असूनही साधन कोणाचे ऐकत नाही हेही लिहिले पाहिजे. सिडनीत काबाएवाचा हूप निसटून कार्पेटबाहेर गेला आणि सुवर्णाची दावेदार तिसरी आली. रिओत जगज्जेती याना कुद्र्याव्त्सेवा आघाडीवर असताना क्लब्सच्या रचनेत तिच्या हातून क्लब पडला आणि मामून पुढे गेली. सोलमध्ये पानोवा, वार्नाची ती सर्वगुणी पानोवा, चौथी आली.

मोगरी

सोनटक्का, याच नावाचा एक प्रवाह मात्र वेगळ्या मातीत वाढला आहे, तो इथे नोंदवते. जपानमध्ये पुरुषांचे रिदमिक जिम्नॅस्टिक्स आहे आणि ते युरोपच्या या झाडाची थेट फांदी नाही. वैयक्तिक प्रकारात दोरी, क्लब्स, काठी आणि दोन लहान कड्या असतात, आणि सांघिक प्रकारात सहा तरुण हाती काहीही न घेता उसळी देणाऱ्या जमिनीवर एकाच श्वासात असल्यासारखे हलतात, मध्येच हवेत पलट्या मारतात आणि पुन्हा त्या ओळीत विरघळतात. आओमोरी विद्यापीठाचा संघ यात नावाजलेला आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाने याला अधिकृत मान्यता दिलेली नाही, त्यामुळे ऑलिंपिकचा प्रश्नच येत नाही. स्पेनमध्ये पुरुष महिलांच्याच नियमांनी आणि महिलांच्याच साधनांवर राष्ट्रीय पातळीवर खेळतात, तो आणखी निराळा प्रवाह. केवळ स्त्रियांसाठी राखलेल्या मोजक्या ऑलिंपिक क्रीडाप्रकारांत रिदमिक आजही आहे, आणि हे असेच राहावे का, यावर महासंघाने गांभीर्याने बोलायची वेळ आली आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

देवराई

घराण्यांची थोरवी सांगताना त्यांतली काळी बाजूही लिहिणे मला आवश्यक वाटते. हाताखाली घेतलेल्या मुलीच्या वजनावर, जेवणावर, झोपेवर शिक्षिकेचा पूर्ण ताबा असणे हाही या परंपरेचाच भाग होता. इटलीत २०२२च्या अखेरीस राष्ट्रीय संघातल्या माजी खेळाडू उघडपणे बोलल्या, रोजच्या वजनकाट्यावरचा अपमान त्यांनी सांगितला, आणि तिथल्या महासंघाला मिलानजवळच्या देसियो येथील राष्ट्रीय केंद्राचा कारभार दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला. हे बोलणे चाळीस वर्षे आधी व्हायला हवे होते. दुसरे म्हणजे, मुलगी वीस वर्षांची झाली की संपली, हा समज. स्पेनची कारोलिना रोद्रिगेझ रिओच्या अंतिम फेरीत वयाच्या तिसाव्या वर्षी खेळली आणि आठवी आली. तिचा चेंडू तिच्या हाताशी ज्या शांतपणे बोलत होता, तसे मी सोळा वर्षांच्या मुलीत क्वचित पाहिले आहे.

पाणंद

तुम्ही सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले आहे की आता मी आमच्या बाजूचे लिहितो. महाराष्ट्राचा, त्यातही ठाण्याचा, या खेळाशी खरा संबंध आहे. ठाण्याची संयुक्ता काळे हिने ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धेत रिदमिकची सुवर्णपदके एकामागून एक जिंकली, आणि २०२३ साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिला सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान ओडिशाच्या प्रणती नायकबरोबर विभागून मिळाला. आमच्या मुलीच्या वर्गातल्या मुली तिचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहतात.

अडचण जागेची आहे. मुलगी आधी ज्या सभागृहात शिकत होती तिथे छताला पंखे होते. नियमाप्रमाणे छत किमान आठ मीटर उंच हवे असते. तिथे ते जेमतेम चार मीटर असेल. त्यामुळे या मुली दोन वर्षे उंच फेक शिकल्याच नाहीत. हूप वर गेला की पंख्याचा विचार आधी येई आणि हात आपोआप आखडे. एकदा रिबन चालू पंख्यात गुंडाळली गेली आणि काठी मुलीच्या हातातून हिसकली गेली. सुदैवाने इजा झाली नाही. आता दुसऱ्या सभागृहात उंची आहे, पण आखडलेला हात सुटायला वेळ लागतो आहे, आणि काटेकोर यांनी लिहिलेले ‘सुटलेल्या बोटांना कळते’ हे वाक्य वाचून मला त्याचे कारण उमगले.

आणखी एक. पावसाळ्यात आमच्याकडची रिबन दमट हवेने जड होते, अंगाला चिकटते आणि सारखी गाठ पडते. गाठ पडली की मुलगी गोंधळते. अशा वेळी काय करावे?

काटेकोर

देवराई आणि सोनटक्का, आवाज बंद करून ओळखता येते हा मुद्दा मी मान्य करतो. माझा आक्षेप आता एवढाच उरतो की १९८०च्या दशकाइतक्या सहज ते आज ओळखता येत नाही, आणि २०२२च्या बदलांनंतर ते पुन्हा थोडे थोडे दिसू लागले आहे. पॅरिसला दुसरी आलेली बल्गेरियाची बोर्याना कालेयन आणि तिसरी आलेली इटलीची सोफिया राफाएली यांच्या रचना एकापाठोपाठ पाहाव्यात.

पाणंद, गाठीबद्दल. टोकाजवळ छोटी गाठ पडली आणि रिबन तरीही हलत असेल तर मुलीने थांबू नये. त्याची वजावट थोडी असते. गाठीमुळे आकृतीच उमटेनाशी झाली तर मात्र रचना खंडित होते आणि वजावट मोठी होते, म्हणून स्पर्धेत कार्पेटच्या कडेला ठेवलेली राखीव रिबन उचलणे बरे. सरावात तिला मुद्दाम गाठ मारलेली रिबन देऊन संपूर्ण रचना करायला लावा, आणि ठरावीक ठिकाणाहून राखीव रिबन उचलून संगीत पुढे कुठे पकडायचे, तेही ठरवून बसवून घ्या. दमट दिवसांत रिबन घडी करून पिशवीत कोंबू नका. काठीपासून सोडवून सैल गुंडाळा आणि सरावाआधी हलक्या इस्त्रीने सरळ करून घ्या. गाठी बहुतेक वेळा मनगट थांबल्यामुळे पडतात. फेकीआधीचे शेवटचे वळण ती घाईत तोडते का, ते एकदा बाजूने उभे राहून पाहा.

पाणंद

आज पाहिले. तोडते. उद्यापासून गाठ मारलेली रिबन देतो.